हिरव्या टपरीचा हिशेब : केनियातल्या एम-पेसा एजंटांचं प्रकरण

केनियात बँकांच्या शाखा साधारण दीड हजार आहेत. मोबाइलमधले पैसे काढून देणारे आणि भरून घेणारे नोंदणीकृत एजंट मात्र तीन लाखांच्या वर. किराणा दुकानाचा एखादा कोपरा, औषधाच्या दुकानातली खिडकी, नाहीतर रस्त्याकडेची पत्र्याची टपरी. हिरवा रंग, वर ‘एम-पेसा’ या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेची पाटी, आत एक टेबल, एक साधा फोन, एक जाड वही आणि कुलपाचा गल्ला. गरीब देशात डिजिटल अर्थव्यवस्थेनं रोजगार कसा बदलला याचं उदाहरण म्हणून ही टपरी जगभर दाखवली जाते, आणि ती दाखवण्यासारखी आहेच. पण ‘एवढे लाख एजंट म्हणजे एवढ्या लाख नोकऱ्या’ असं सहज बोललं जातं, तेव्हा टपरीचा महिन्याचा जमाखर्च कुणी मांडलेला नसतो. तो मांडला की दिसतं ते असं : हे काम रोख आणि डिजिटल पैसा यांच्या मधल्या नाक्यावर उभं आहे. नाक्यावर वर्दळ असेल तोवर पोट भरतं. आणि वर्दळ किती, हे एजंटच्या हातात नसतं.

नावापासून सुरुवात करू. ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द आपल्या ‘पैशा’वरूनच गेलेला. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपयाच चालत होता, आणि तिथे दुकानाला आजही ‘डुका’ म्हणतात. ‘एम’ म्हणजे मोबाइल. सफारीकॉम या दूरसंचार कंपनीनं मार्च २००७ मध्ये ही सेवा देशभर सुरू केली. त्याआधी २००५ पासून नैरोबी आणि थिका इथे तिची चाचणी झाली होती. त्यात व्होडाफोन, ब्रिटनचं आंतरराष्ट्रीय विकास खातं आणि फाउलू ही सूक्ष्मवित्त संस्था सामील होत्या. मूळ बेत होता बचत गटातल्या कर्जदारांनी हप्ते मोबाइलवरून फेडावेत असा. लोकांनी त्याचा वेगळाच उपयोग केला. ते गावाकडे पैसे पाठवू लागले, कुणी प्रवासात लुटले जाऊ नये म्हणून निघताना पैसे भरून पोचल्यावर काढू लागले. कंपनीनं हे पाहिलं आणि हप्त्यांचा नाद सोडून ‘घरी पैसे पाठवा’ एवढं एकच आवाहन घेऊन ती बाजारात उतरली.

तोवर नैरोबीतला कामगार गावी पैसे कसे पाठवायचा? बसच्या चालकाजवळ पाकीट देऊन, गावी निघालेल्या नातेवाइकाच्या हाती, किंवा टपाल खात्याच्या मनीऑर्डरनं. पाकीट पोचेलच याची खात्री नसायची आणि टपाल कचेरीत कित्येकदा द्यायला रोकड नसायची. या जुन्या वाटेवर ज्यांचं पोट होतं त्यांचं काम गेलं, हेही हिशेबात धरायला हवं. नवा रोजगार मोजताना ते सहसा कुणी धरत नाही.

२००६ मध्ये औपचारिक वित्तसेवा वापरणारे प्रौढ केनियात २६.७ टक्के होते, २०१९ मध्ये ८२.९ टक्के. ही उडी घडली ती काउंटरवर बसलेल्या माणसांमुळे. फोनमध्ये पैसे आले तरी बाजारात भाजीवालीला, शाळेला, गवंड्याला रोखच द्यावी लागत होती. त्यामुळे प्रत्येक रकमेला दोनदा माणूस लागायचा : शहरात भरून घेणारा आणि गावात काढून देणारा.

काउंटरवर नेमकं काय चालतं

एजंटला स्वाहिलीत ‘वकाला’ म्हणतात. तो कंपनीचा नोकर नसतो. सुरुवातीच्या पद्धतीत एजन्सी नोंदणीकृत कंपनीलाच मिळे आणि तिचे एकाहून जास्त काउंटर असावे लागत. अशी मुख्य एजन्सी पुढे आपल्या हाताखाली लहान दुकानदारांना घेते. कमिशन महिन्याच्या शेवटी मुख्य एजन्सीकडे येतं, ती बहुतेक ठिकाणी २० ते ३० टक्के स्वतःकडे ठेवते आणि उरलेलं काउंटरला देते. काउंटरवर बहुधा मालक बसत नाही, पगारावर ठेवलेली एखादी तरुण मुलगी बसते. कंपनी, मुख्य एजन्सी, दुकानदार आणि ती मुलगी अशी ही चार पायऱ्यांची उतरंड आहे. ‘एजंट’ म्हणून आकडेवारीत मोजला जातो तो काउंटर. त्यात माणसं किती आणि कुणाला किती मिळतं, ते त्या आकड्यात दिसत नाही.

पैसे भरताना : ग्राहक रोकड देतो, मुलगी ती मोजते, नोटा उजेडात तपासते, मग एजंटच्या फोनवरून ग्राहकाचा नंबर आणि रक्कम टाकून पिन दाबते. दोघांच्या फोनवर संदेश येतो. काढताना उलटं : ग्राहक स्वतःच्या फोनवर ‘पैसे काढा’ निवडतो, पाटीवरचा एजंट क्रमांक, रक्कम आणि आपला पिन टाकतो. एजंटच्या फोनवर व्यवहाराचा संकेतांक, ग्राहकाचं नाव, रक्कम आणि नवी शिल्लक येते. मूळ ओळखपत्र पाहून मुलगी वहीत नाव, ओळखपत्राचा क्रमांक, रक्कम, संकेतांक लिहिते, सही घेते आणि मगच नोटा देते. ही कागदी वही वर्षानुवर्षं या धंद्याचा कणा होती, कारण तक्रार आली की पुरावा म्हणून तीच पुढे करता येते.

साधा फोन पुरतो, इंटरनेट लागत नाही. सेवेचा पर्याय सिमकार्डमध्येच बसवलेला होता. म्हणूनच २००७ सालच्या अगदी स्वस्त हँडसेटवरही ती चालली.

फ्लोट म्हणजे सगळं भांडवल

या धंद्यात कच्चा माल पैसाच आहे. एजंट आधी बँकेत रोकड भरून तेवढाच इलेक्ट्रॉनिक पैसा विकत घेतो. त्याला सगळे ‘फ्लोट’ म्हणतात. ग्राहकानं पैसे भरले की फ्लोट कमी होतो आणि गल्ल्यातली रोकड वाढते. काढले की रोकड कमी होते, फ्लोट वाढतो. दोहोंची बेरीज दिवसभर तीच राहिली पाहिजे. संध्याकाळी बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चूक किंवा चोरी आहे.

समजायला १,००,००० शिलिंगचं (शिलिंग हे केनियाचं चलन) भांडवल धरू. हे आणि पुढच्या जमाखर्चातले आकडे कामाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. गावातला काउंटर सकाळी ४०,००० रोख आणि ६०,००० फ्लोट घेऊन उघडतो. दुपारपर्यंत १२ जण सरासरी ३,००० प्रमाणे ३६,००० काढून नेतात, ४ जण १,५०० प्रमाणे ६,००० भरतात. आता रोख उरली १०,००० आणि फ्लोट झाला ९०,०००. बेरीज बरोबर एक लाख. पण तेराव्या गिऱ्हाइकाला १५,००० हवेत, आणि एक लाखाचा मालक असून एजंट त्याला परत पाठवतो. परत गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या टपरीवर जातं आणि पुष्कळदा तिकडचंच होतं.

शहर आणि गाव यांच्या अडचणी एकमेकींच्या बरोबर उलट असतात. नैरोबीतल्या किबेरासारख्या वस्तीत लोक भरतात जास्त, काढतात कमी, म्हणून तिथे फ्लोट संपतो आणि गल्ला नोटांनी भरतो. पश्चिम केनियातल्या बुकुरासारख्या गावात रोकड संपते आणि फोन भरलेला राहतो. शहरातल्या एजंटला बँक दोन गल्ल्या सोडून असते. गावातल्याला तालुक्याच्या ठिकाणी जाऊन, रांगेत उभं राहून, नोटा पिशवीत घालून सार्वजनिक वाहनानं परत यावं लागतं. त्या वेळात काउंटर बंद, भाडं खिशातून, आणि वाटेत लुटले जाण्याची भीती कायमची. महिनाअखेर, बाजाराचा दिवस, नाताळला शहरातली माणसं गावी येतात तो आठवडा आणि जानेवारीत शाळा उघडतात ते दिवस यांत हा ताण सर्वांत जास्त.

यावर कंपनीनं ‘सुपर एजंट’ आणले, म्हणजे बँकेच्या शाखा एजंटला फ्लोटच्या बदल्यात रोकड आणि रोकडीच्या बदल्यात फ्लोट देतात. पण जाणते एजंट बँकेपेक्षा शेजाऱ्यावर भिस्त ठेवतात. बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याकडे रोज संध्याकाळी रोकड साचते आणि त्याला शहरातल्या पुरवठादाराला पैसे पाठवायचे असतात. त्यानं ती रोकड याच काउंटरवर भरली तर त्याची बँकेची फेरी वाचते, एजंटला नोटा मिळतात आणि भरण्याचं कमिशनही सुटतं. गावातला टिकून राहिलेला काउंटर पाहिला तर बहुतेकदा त्याच्या मागे असा एखादा धान्याचा, सिमेंटचा किंवा बिअरचा घाऊक व्यापारी असतो. नवा काउंटर काढणाऱ्यानं जागा बघण्याआधी असा शेजारी बघावा.

महिन्याचा जमाखर्च

कमिशन रकमेच्या टप्प्यांप्रमाणे ठरतं, टक्केवारीनं नव्हे. सोपं जावं म्हणून सरासरी व्यवहारामागे १५ शिलिंग धरू. मुख्य एजन्सीचे २० टक्के गेले की काउंटरला १२ उरतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजच्या एका व्यवहारामागे महिन्याला ३१२ शिलिंग.

खर्च : जागेचं भाडं ३,०००, फ्लोटच्या फेऱ्या २,०००, मुलीचा पगार १०,०००. एकूण १५,०००. म्हणजे रोज ४८ व्यवहार झाले तर जमाखर्च बरोबरीत सुटतो आणि मालकाच्या भांडवलाला एक शिलिंगही मिळत नाही. रोज ८० झाले तर २४,९६० येतात आणि मालकाला ९,९६० सुटतात. वर्दळीच्या काउंटरला दोन लाखांचं तरी भांडवल लागतं हे लक्षात घेतलं तर महिन्याला सुमारे पाच टक्के. वाईट नाही. पण दहा हजारांची एक फसवणूक झाली की महिन्याची सगळी शिल्लक गेली.

आता तोच बाजार घ्या. सगळ्या बाजारात मिळून रोज २४० व्यवहार होतात असं धरू. तीन काउंटर असतील तर प्रत्येकी ८०, मालक खूश, मुलीला पगार. पाच झाले तर प्रत्येकी ४८, मालकाला शून्य. सहावा आला की प्रत्येकी ४० आणि उत्पन्न १२,४८०. भाडं आणि फेऱ्या वजा जाता उरतात ७,४८०. मग मुलीचा पगार तेवढ्यावर येतो किंवा तिला काढून मालकीण स्वतः बसते, नाहीतर मुलीला दुकानातलं बाकीचं कामही त्याच पगारात करावं लागतं. सरकारी आणि कंपनीच्या आकड्यांत या बाजारातले एजंट तीनाचे सहा झाले, रोजगार दुप्पट झाला. प्रत्यक्षात बाजारातलं एकूण कमिशन एका शिलिंगानंही वाढलं नाही.

आणि एजंट वाढवण्यात कंपनीचं काही जात नाही, उलट फायदाच होतो. भांडवल एजंटचं, भाडं एजंटचं, लुटीची जोखीम एजंटची. गिऱ्हाइकाला जवळ काउंटर मिळाला की व्यवहार थोडे वाढतात आणि शुल्क कंपनीला मिळतं. या रचनेत एजंटची संख्या त्याच्या उत्पन्नाच्या पुढे धावणार हे उघड आहे, आणि तसंच झालं. आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तिच्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

म्हणूनच नुसता एम-पेसाचा काउंटर विरळा. बहुतेक ठिकाणी त्याच्याबरोबर किराणा, मोबाइलचं सामान, छायाप्रती किंवा औषधं असतात. केनियातला ८० टक्क्यांहून जास्त रोजगार असंघटित क्षेत्रात आहे. तिथे त्याला ‘जुआ काली’, म्हणजे कडक ऊन, असं म्हणतात. उन्हात उभं राहून करायचं काम. एम-पेसानं त्यातल्या काहींना सावलीत टेबलावर बसवलं एवढं खरं. पण कराराचा कागद, आजारपणाची रजा आणि म्हातारपणाची तजवीज त्या टेबलाबरोबर आली नाही.

कुठे बिनसतं

कमिशन टप्प्यांवर असल्यामुळे पहिला मोह होतो तो रकमेचे तुकडे पाडण्याचा. ग्राहक २,००० भरायला आला तर एजंट ५०० चे चार व्यवहार करतो, चार वेळा कमिशन मिळतं. भरायला शुल्क नसल्यानं ग्राहक हरकत घेत नाही. एकाच नंबरवर काही मिनिटांत झालेले असे व्यवहार कंपनीची यंत्रणा पकडते आणि कमिशन कापून घेते.

दुसरा प्रकार ‘थेट भरणा’. नैरोबीतल्या माणसाला आईला २,००० पाठवायचे आहेत. रीतसर वाट अशी : आपल्या खात्यात भरायचे, ते फुकट. मग आईला पाठवायचे, त्याला २०२३ च्या दरानं या टप्प्यात ३३ शिलिंग. तो एजंटला म्हणतो, सरळ आईच्याच नंबरवर भर. शुल्क वाचतं, एजंटला भरण्याचं कमिशन मिळतं, तोटा कंपनीचा. आईचा फोन त्या वेळी तीनशे किलोमीटरवरच्या टॉवरवर असल्यानं हेही उघडकीला येतं आणि कमिशन परत घेतलं जातं. गावठी न्यायानं पाहिलं तर यात एजंट आणि ग्राहक दोघांनाही काही वावगं वाटत नाही. पण ठरवून दिलेला नियम मोडतो आणि महिनाअखेर कापलेल्या कमिशनचा झटका मात्र एजंटलाच बसतो. मुलीनं गिऱ्हाइकाच्या आग्रहाला मान दिलेली असते आणि मालक तिच्या पगारातून वसुली करतो, हेही घडतं.

तिसरं, खोटा संदेश. एजंटच्या फोनवर अगदी खऱ्यासारखा ‘ग्राहकानं ८,००० काढले’ असा संदेश येतो, पण तो कुणाच्यातरी साध्या नंबरवरून आलेला असतो. गर्दीत मुलगी पाठवणाऱ्याचं नाव बघत नाही, नोटा देऊन टाकते. यावर एकच उपाय : संदेशावर विसंबायचं नाही, संदेशातली नवी शिल्लक वहीतल्या आधीच्या शिलकीशी ताडून बघायची, शंका आली तर खात्यातली शिल्लक तपासायची. यात काही सेकंद जातात आणि मागची रांग कुरकुरते. तरीही हे प्रत्येक वेळी करायलाच हवं.

चौथं, कंपनीचा माणूस असल्याची बतावणी करून आलेला फोन : ‘तुमची लाइन अद्ययावत करतोय, पिन सांगा’ किंवा ‘मी सांगतो ते आकडे दाबा’. पाचवं, चुकीचा नंबर. एक आकडा इकडचा तिकडे झाला की पैसे अनोळखी माणसाच्या खात्यात. ४५६ या क्रमांकावर तो संदेश पुढे पाठवून परतफेड मागता येते, पण समोरच्यानं तोवर काढून घेतले असतील तर काही उपयोग नाही. म्हणून नंबर ग्राहकाकडून दोनदा वदवून घ्यावा, वहीत आधी लिहावा आणि मग टाकावा.

३० सप्टेंबर २०१९ ही जुन्या १,००० शिलिंगच्या नोटांची शेवटची तारीख होती. आपल्याकडची २०१६ ची नोटबंदी आठवत असेल त्यांना कल्पना येईल, मात्र केनियात त्यासाठी चार महिन्यांची मुदत होती. ज्यांचा धंदाच नोटांचा, त्यांना गल्ल्यातली एकेक जुनी नोट मुदतीआधी बँकेत पोचवावी लागली.

फायदा कुणाला झाला

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थशास्त्रज्ञांचा डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास या बाबतीत सर्वाधिक उद्धृत होतो. ज्या भागात एजंट जास्त दाट झाले आणि ज्या भागात कमी, त्यांची त्यांनी तुलना केली. त्यांचा अंदाज असा की एम-पेसामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे देशातली सुमारे दोन टक्के कुटुंबं, दारिद्र्यातून वर आली, आणि सुमारे १,८५,००० स्त्रियांनी पोटापुरती शेती सोडून लहानसा धंदा किंवा व्यापार हे आपलं मुख्य काम केलं. त्याआधीच्या, २०१४ च्या अभ्यासात या दोघांना दिसलं होतं की आजारपण किंवा पीक बुडणं अशा संकटात एम-पेसा नसलेल्या कुटुंबाचा खर्च सात टक्क्यांनी घटला, असलेल्यांचा घटला नाही. कारण दूरच्या नातेवाइकाकडून पैसे वेळेत पोचले.

हे नीट वाचलं तर लक्षात येतं की रोजगारातला मोठा बदल काउंटरच्या मागे बसलेल्या मुलीच्या आयुष्यात झालेला नाही, तो काउंटरच्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या आयुष्यात झाला आहे. नवऱ्यानं शहरातून पाठवलेले पैसे तिच्याच फोनवर आले. ते घ्यायला तिला शहरात जावं लागलं नाही की दिराच्या हाताकडे बघावं लागलं नाही. थोडे बाजूला टाकता आले, त्यातून टोमॅटोची टोपली किंवा जुन्या कपड्यांचा गठ्ठा घेता आला. या निष्कर्षांवर २०१९ मध्ये काही अभ्यासकांनी कडक टीका केली : जे लहान धंदे सुरू झाले त्यातले किती बंद पडले आणि लोकांवर कर्ज किती चढलं, हे त्यात धरलेलं नाही असं त्यांचं म्हणणं. टीकेत तथ्य आहे. २०१२ पासून फोनवर एम-श्वारीचं कर्ज मिळू लागलं आणि २०१९ मध्ये खात्यात पैसे कमी पडले तर मिळणारी ‘फुलिझा’ची उचल आली, तेव्हापासून हा प्रश्न अधिकच टोकदार झाला.

शुल्काचा भारही सारखा नाही. २०२३ च्या दरपत्रकात १०१ ते २,५०० शिलिंगपर्यंत काढायला सरसकट २९ शिलिंग होते. २,५०० काढणाऱ्याला हे एक टक्क्याहून थोडंच जास्त पडतं, २०० काढणाऱ्याला साडेचौदा टक्के. त्याच वर्षी सरकारनं या शुल्कावरचा अबकारी कर १२ वरून १५ टक्के केला. शुल्क चढलं की गरीब ग्राहक पैसे कमी वेळा काढतो, म्हणजे एजंटचे व्यवहार घटतात.

रोख नकोशी होते तेव्हा

२०१३ मध्ये ‘लिपा ना एम-पेसा’ आलं : दुकानदाराचा टिल क्रमांक टाकायचा आणि सरळ फोनवरून पैसे द्यायचे. मार्च २०२० मध्ये, साथीच्या सुरुवातीला, १,००० शिलिंगपर्यंत पाठवण्याचं शुल्क काही महिने माफ झालं आणि एका व्यवहाराची मर्यादा वाढवून १,५०,००० केली गेली. लोकांना पैसे फोनमध्येच ठेवायची सवय लागली. पुढे फेरीवाल्यांसाठी ‘पोची ला बियाशारा’ ही सोय आली. आज नैरोबीत भाजी, मोटारसायकल टॅक्सी, चहा-चपाती यांचे पैसे फोनवरून दिले तर कुणाला नवल वाटत नाही.

ग्राहकाच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे, त्याचे २९ शिलिंग वाचतात. एजंटच्या दृष्टीनं टिलवर गेलेली प्रत्येक रक्कम म्हणजे न झालेली काढणी. वरच्या हिशेबातल्या ४८ व्यवहारांपैकी चौथा हिस्सा टिलकडे वळला तर उरतात ३६ आणि उत्पन्न होतं ११,२३२. डिजिटल व्यवहारांचे देशाचे आकडे चढत असताना त्या व्यवहारांनीच जन्माला घातलेला रोजगार असा आतून पोखरला जातो. गावात हे हळू घडतं, कारण तिथे रोख अजून लागते. शहरात भराभर.

मराठी वाचकाला हे दुरून बघायची गरज नाही. व्होडाफोननं आयसीआयसीआय बँकेला बरोबर घेऊन २०१३ मध्ये भारतातही एम-पेसा आणलं आणि २०१९ मध्ये गुंडाळलं. इथल्या नियमांत बँकेबाहेरच्या पाकिटातून रोख काढण्याला मोकळीक नव्हती, आणि २०१६ नंतर यूपीआयनं खात्यातून खात्यात पैसे फुकट नेले. पण एजंट इथेही आहेच. विदर्भ-मराठवाड्यातल्या गावात अंगठा लावून दहा हजारांपर्यंत पैसे देणारं ग्राहक सेवा केंद्र त्याच नाक्यावर बसलं आहे. अनुदान जमा झालं त्या दिवशी रांग आणि दुपारी बाराला ‘रोकड संपली’ ही पाटी, हे दृश्य बुकुरातलंच आहे.

जुलै २०१४ पर्यंत सफारीकॉमचा एजंट दुसऱ्या कंपनीची सेवा देऊ शकत नव्हता. केनियाच्या स्पर्धा प्राधिकरणाकडे प्रकरण गेल्यावर ती अट निघाली. त्याआधी २०१० मध्येच मध्यवर्ती बँकेनं बँकांनाही एजंट नेमायची परवानगी दिली होती. त्यामुळे आज टिकून राहिलेल्या काउंटरवर एकाच्या जागी तीन-चार यंत्रं दिसतात : एम-पेसा, एअरटेल आणि एक-दोन बँकांची. बँकेचं यंत्र हाताशी असल्याचा मोठा फायदा असा की एम-पेसातला फ्लोट संपला तर बँकेच्या यंत्रातला फ्लोट जागेवरच तिकडे वळवता येतो आणि काही फेऱ्या वाचतात. तोटा असा की दोन लाखांचं भांडवल चार ठिकाणी वाटलं की प्रत्येकात पन्नास हजारच. महिनाअखेरीला एकात संपतं आणि तीनांत पडून राहतं. अनुभवी काउंटर म्हणून सरसकट वाटणी करत नाहीत. मागच्या तीन महिन्यांच्या वह्या घेऊन वारानुसार कुठल्या सेवेत किती भरणा आणि किती काढणी झाली ते मांडतात, पगाराच्या आठवड्यात बँकांचा फ्लोट उतरवून एम-पेसात घालतात, शाळा उघडायच्या आठवड्यात उलटं करतात, आणि रोज दुपारी एकला, गर्दी ओसरल्यावर, चारही शिलका आणि गल्ला एका पानावर लिहून बेरीज जुळवतात.